मापाची बाटली

"काका, ते औषध शिरेत सोडलं की चड्डी ओली झाल्यासारखं वाटतं, हे खरं का?"

प्रश्न माझा नव्हता, रेडिओचा होता. रेडिओ म्हणजे माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण. तिला बंद करायचं बटण नाही म्हणून ते नाव. माझं सीटी स्कॅन ठरलं होतं, तसंच तिच्या मावसभावाचं झालं होतं आणि त्याने शपथेवर सांगितलं होतं की त्याने घाबरून चक्क खाली बघितलं. "तू विचार ना तिथल्या माणसाला," रेडिओ म्हणाली. "ही? ही कसली विचारतेय!" असं खांब म्हणाली. खांब आमच्या व्हॉलीबॉलच्या टीममधली सगळ्यात उंच मुलगी. "आणि विचारलंस तर मोठ्याने विचारायचं. आईसमोर."

मागच्या वर्षीची मी असते तर ऐकूनच बाकाखाली गेले असते. पण या वर्षीची मी टीममध्ये आहे, माझी सर्व्हिस भल्याभल्यांना परतवता येत नाही, आणि भर वर्गात उभं राहून मी बाईंना "हे गणित चुकलंय" असंसुद्धा सांगितलेलं आहे. मी म्हटलं, लावा पैज.

म्हणून विचारलं. मोठ्याने. हाताला सुई टोचून झाली होती, नर्सने त्याच सुईतून रक्त काढून तपासणीला पाठवलं होतं, अंगात मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा होता, आणि आई माझ्या चपला पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर घेऊन शेजारच्या स्टुलावर बसली होती. चपला मांडीवर का, तर तिथल्या फरशीवर जंतू असतात म्हणून. माझी आई अशी आहे.

टेक्निशियनकाका हातात कागद लावलेली पाटी घेऊन नुकतेच आत आले होते. ते मनापासून हसले.

"वाटतं की! आधी गळ्याशी ऊब येते, मग ती खाली खाली उतरते, आणि तिथे पोचली की सगळेच दचकतात. चांगले मिशाळ गृहस्थ मला हळूच म्हणतात, अहो, चादर बदलावी लागेल. आजवर एकाचीही ओली निघालेली नाही."

मी खिदळले. आता शाळेत जाऊन कधी सांगते असं झालं. आणि मग माझ्या लक्षात आलं की आई हसलेली नाही.

"कसलं औषध? नुसतंच स्कॅन आहे ना?" तिने विचारलं.

"डाय, ताई. हिच्या सुईतून सोडायचा. त्याने आतल्या रक्तवाहिन्या फोटोत उजळ दिसतात. नाहीतर सगळं करड्यावर करडं. तेच विचारायला आलो होतो. हिला पूर्वी कधी किडनीचा त्रास?"

आई उठली. चपलांची पिशवी जंतूंच्या फरशीवर पडली आणि तिने ती उचलली नाही.

"सुई काढा," ती म्हणाली.

"ताई, ऐकून तरी घ्या. त्रास झाला होता म्हणजे देताच येत नाही असं काही नसतं. आम्ही रक्त बघतो, डॉक्टरांना विचारतो, मगच..."

"मी सांगतेय ना, सुई काढा."

तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. काकांनी तो बघितला, आत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलले आणि परत येऊन खरं ते सांगितलं, की क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा आकडा थोडासा वर आहे, आज नको, किडनीच्या डॉक्टरांना दाखवून या. थोडासा हा शब्द त्यांनी नीट जपून उच्चारला होता. पण आईच्या कानापर्यंत तो पोचलाच नाही. तिच्यासाठी 'वर आहे' एवढंच पुरे होतं.

बाहेर बाबा लिफ्टपाशी उभे होते. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. कुठल्याही इमारतीत गेले की ते आधी तिथली लिफ्ट ऐकतात, माणसांचं नंतर. "दोन नंबरची घासतेय," ते म्हणाले. मग त्यांनी आईचा चेहरा बघितला आणि पुढचं गिळलं.

*

आता मागचं सांगायला हवं, नाहीतर माझी आई उगाच तऱ्हेवाईक वाटेल.

मी सहा वर्षांची असताना माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या. मला त्यातलं फार आठवत नाही. भिंतीवर कागदी मासे चिकटवलेला वॉर्ड आठवतो, आणि एक गुणगुणणारं यंत्र. माझं रक्त बाहेर जाऊन त्या यंत्रातून धुऊन परत यायचं. आधी मला उलट्या-जुलाब झाले होते, अंगातलं सगळं पाणी गेलं होतं. त्यात ताप आणि पोटात भयंकर दुखणं. आतडं पिळलंय की काय बघायला डॉक्टरांनी घाईघाईत डाय सोडून स्कॅन केलं. आतड्याला काही झालं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून मला लघवी होईना, आणि मी फुग्यासारखी फुगत गेले. त्या स्कॅनच्या संमतीच्या फॉर्मवर आईची सही होती. बाबा त्या दिवशी दुसऱ्या गावी कामावर होते.

त्या फुगलेल्या दिवसांत वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं: पाणी मोजून. आईने माझ्यासाठी एक छोटी बाटली आणली, झाकणावर बदक असलेली. दिवसाला एवढंच. तहान लागली की चूळ भरायची. मी रडायचे म्हणे, नळाकडे हात करायचे, आणि आई तोंड फिरवून बसायची.

मग किडन्या सुरू झाल्या. यंत्र सुटलं. मी घरी आले. काही वर्षं तपासण्या झाल्या, आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले की सगळं छान आहे, आता यायची गरज नाही. सगळं संपलं, फक्त बाटली संपली नाही. आता ती शाळेसाठी एकदा आणि संध्याकाळी एकदा अशी दोनदा भरते एवढाच फरक. बदकाची नुसती चोच उरली आहे. वर्गातल्या मुली लिटरलिटरच्या बाटल्या घेऊन येतात आणि मी ही मूठभर. म्हणून शाळेत माझं नावच पडलं, बाटली. मला त्याचं काही वाटत नाही. मला तहानही फारशी लागत नाही. लागली की मी चूळ भरते, इतकं ते अंगवळणी पडलंय.

आणि रोज सकाळी आई माझ्या नडगीवर अंगठा दाबते. दाबलेल्या जागी खळगा राहिला तर सूज, लगेच भरून आला तर दिवस सुरू. आमच्याकडे चहाच्या आधी हे होतं. मी अर्धवट झोपेतच पाय पांघरुणाबाहेर काढून देते, जसं दार वाजलं की कुणी कडी काढावी.

या वर्षी बाबांनी पहिल्यांदा आईला म्हटलं, "खेळू दे तिला. किती दिवस बाकावर बसवशील?" आणि मी व्हॉलीबॉल खेळायला लागले. आणि खरं सांगते, मला कळलं की माझा आवाज मोठा आहे, मला पुढे राहायला आवडतं, पडायलाही आवडतं. चेंडूसाठी झेपावून पोटावर पडताना मात्र एक दिवस डाव्या बाजूला असं दुखलं की उठता येईना. सोनोग्राफीत गाठ दिसली. लिंबाएवढी. स्वादुपिंडाच्या शेपटाला, म्हणजे त्याच्या डावीकडच्या टोकाला.

*

सर्जन हा फारच तरुण माणूस आहे, आणि त्याला चित्रं काढायची हौस आहे. स्कॅन न करता आम्ही परत त्याच्यापुढे जाऊन बसलो तेव्हा त्याने मागचाच कागद ओढून पुन्हा चित्र काढलं. हे पोट. ही गाठ. ही तिच्या मागून जाणारी मोठी शीर.

"अशा गाठी या वयाच्या मुलींमध्ये कधीकधी होतात," तो म्हणाला. "बहुतेक वेळा नीट काढली की प्रश्न मिटतो. पण ती या शिरेला नुसती टेकलीय, की तिने शिरेला मिठी मारलीय, हे मला आधी दिसलं पाहिजे."

"नुसत्या स्कॅनमध्ये नाही दिसत?" आईने विचारलं.

"नाही."

"दुसऱ्या कुठल्या मशीनमध्ये?"

"एमआरआय करता येईल. त्याने गाठ कसली आहे ते कळायला मदत होईल. पण शिरांचा नकाशा मला या स्कॅनमधून जसा मिळतो तसा त्यातून मिळणार नाही, आणि त्यातही काहीतरी सोडावंच लागतं. काकू, मी डोळ्यांना पट्टी बांधून हिच्या पोटात हात घालणार नाही."

"आणि काहीच केलं नाही तर?"

त्याने पेन खाली ठेवलं. "गाठ थांबणार नाही. आज लिंबाएवढी आहे म्हणून आपण बसून बोलतोय."

बाबा त्या चित्राकडे बघत राहिले. घरी येताना ते म्हणाले, "अगं, आपण किडनीच्या डॉक्टरांना विचारू तरी." आई म्हणाली, "विचारा. मागच्या वेळीसुद्धा डॉक्टरांनाच विचारलं होतं." बाबांनी तिथेच विषय सोडला. त्या दिवशी ते तिथे नव्हते ना. दहा वर्षं झाली, तरी ते अजून त्या दिवसाच्या बाहेरच उभे आहेत.

आई शाळांचे गणवेश शिवते. घरी आल्यावर ती मशीनवर बसली आणि एकाच शर्टाची कॉलर तिने उसवली, शिवली, परत उसवली. मी तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले.

"आई, मला भीती वाटतेय," मी म्हटलं. खांबाला आणि रेडिओला हे मी मेले तरी सांगणार नाही.

"डायची?"

"नाही. गाठीची."

तिचा पाय पायट्यावर थांबला. "मला दोन्हीची," ती म्हणाली. "तू त्या वेळी मला विचारलं होतंस, आई मी फुग्यासारखी उडून जाणार का? मी सही केली होती सोन्या. या हाताने."

मी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करत बसले.

*

किडनीच्या डॉक्टर म्हणजे केस पूर्ण पांढरे झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझे जुने रिपोर्ट वाचले, नवे वाचले, माझं ब्लडप्रेशर बघितलं, आणि मग माझ्या लघवीच्या तपासणीचा कागद उचलून भुवया वर केल्या.

"पाणी किती पितेस गं?"

मी दप्तरातून बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. चोचीसकट.

"हे एका वेळचं?"

"हे शाळेचं. संध्याकाळी अजून एक."

"आणि खेळतेस?"

"व्हॉलीबॉल. मी सर्व्हिस करते. माझी सर्व्हिस..."

"आणि खेळून आल्यावर?"

"चूळ भरते."

त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली, आणि परत इतक्या हळू खाली ठेवली की मला वाटलं तिला लागेल. मग त्या आईकडे वळल्या. मला वाटलं, आता रागावणार. मी आईच्या बाजूला जरा सरकून बसले.

"हे पाणी मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"वॉर्डात," आई म्हणाली. "सूज होती तेव्हा."

"बरोबर सांगितलं होतं. आणि थांबवायला कुणी सांगितलं?"

आई म्हणाली, "घरी सोडताना म्हणाले होते, आता नेहमीसारखं सगळं चालेल. पण पाण्याचं वेगळं असं कुणी म्हटलं नाही. मी विचारलंही नाही. म्हटलं, थोडं कमीच बरं. पाण्यानेच फुगली होती ना ती."

"हं." डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "आमच्या लोकांची ही नेहमीची खोड. एखादी गोष्ट बंद करताना दहादा सांगतो आणि सुरू करताना सगळं एका वाक्यात गुंडाळतो."

मग त्यांनी माझ्याकडे तोंड करून सांगितलं, कारण किडनी माझी होती. त्यांनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत लिहिते. माझ्या किडन्या चांगल्या आहेत. चांगल्या म्हणजे काय, हुशार आहेत. एवढ्याशा पाण्यात इतकी वर्षं संसार चालवायचा म्हणजे त्यांनी थेंब न् थेंब राखून वापरला, लघवी घट्ट घट्ट करत नेली, आणि आजारी किडनीला हे जमतच नाही. रक्तातला आकडा वर गेलाय तो बहुतेक याच कोरडेपणामुळे. पूर्वी कधी किडनी बिघडली होती एवढ्यावरून आज डाय नाकारायचा नसतो. किडनी आज कशी आहे ते बघायचं असतं. पण कोरड्या शरीरात डाय सोडायचा नाही, हेही तितकंच खरं.

"त्या वेळी ही कोरडीच होती," बाबा म्हणाले. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, कारण ते डॉक्टरांच्या खोलीत कधी बोलत नाहीत.

"हो. उलट्या-जुलाबांनी पार सुकलेली, त्यात ताप. तिच्या किडन्या आधीच बंद पडायच्या बेतात असणार. डायने शेवटचा धक्का दिला की नाही, हे आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आणि ताई," डॉक्टरबाई आईला म्हणाल्या, "पिळलेलं आतडं वेळेत कळलं नाही तर लेकरू हातचं जातं. त्या दिवशी मी असते तरी तुमच्याकडे सही मागितली असती."

आई टेबलावरच्या बाटलीकडे बघत होती.

"म्हणजे मी हिला इतकी वर्षं," ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच राहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तिने फक्त पदराचं टोक घेऊन टेबलावर बाटलीच्या बुडाने उमटलेला ओला गोल पुसला, पुन्हा पुसला, तो केव्हाच गेला होता तरी.

"तुम्ही हिला जपलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता जरा वेगळं जपायचं. भरपूर पाणी, तहान लागेल तसं आणि नाही लागली तरी. दुखलं तर माझ्याशिवाय कुणाची गोळी नाही. चार दिवसांनी पुन्हा रक्त. आकडा खाली आला तर डाय द्यायला माझी हरकत नाही. कमीत कमी लागेल तेवढाच द्यायला सांगेन, आधी आणि नंतर पाणी, आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासणी."

"धोका नाही म्हणता?" आईने विचारलं.

"नाहीच असं म्हणणार नाही. फार थोडा आहे. गाठीचा त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे."

*

पाणी पिणं इतकं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं. सवयच नाही ना! पहिल्या दिवशी पोट डुचमळायला लागलं आणि मी तासाला एकदा वर्गातून बाहेर. रेडिओने ताबडतोब बातमी प्रसारित केली, "बाटली फुटली रे!" खांबाने मात्र काही न बोलता तिची स्वतःची मोठी बाटली मला देऊन टाकली आणि स्वतः नळावर जाऊन प्यायला लागली. मी त्यांना पाण्याचं सांगितलं होतं. गाठीचंही सांगितलं होतं. फक्त आईचं सांगितलं नाही. ते आमच्या घरातलं आहे.

घरी ती मोठी बाटली भरायची पाळी आली तेव्हा आई नळाखाली ती धरून उभी राहिली. पाणी अर्ध्याच्या खालपर्यंत चढलं आणि तिच्या हाताने नळ बंद केला. तिने परत सोडला. परत बंद केला. हात ऐकेचना. मग बाबा मागून आले, त्यांनी तिच्या हातातून बाटली घेतली, काठोकाठ भरली, आणि दोघं जण तिथे ओट्यापाशी पाठमोरे उभे राहिले, किती तरी वेळ. मी दारातूनच मागे फिरले.

सकाळी अंगठा आलाच. त्या चार दिवसांत तर तिने दोन्ही नडग्या दाबल्या, घोटे दाबले, डोळ्यांखाली बोट लावून बघितलं. खळगा काही राहिला नाही. लगेच भरून यायचा, आणि तरी ती बघत राहायची.

चौथ्या दिवशीचं रक्त चांगलं निघालं. आकडा खाली आला होता, माझ्या वयाच्या कुठल्याही मुलीचा असतो तसा. डॉक्टरबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. त्यांनी "आभारी आहे" असं तीनदा म्हटलं.

मला वाटलं, आता झालं. आई सही करेल, संपलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनचा फॉर्म होता, त्यावर पेन होतं, आणि आई तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. तिने पेन उचललं. टोपण काढलं. आणि परत लावलं.

"नाही होत माझ्याच्याने," ती म्हणाली. "सगळं पटतंय. डॉक्टर खोटं कशाला बोलतील? पण हात उचलत नाही. तुम्ही करा."

बाबांनी पेन घेतलं आणि तेही थांबले. "मी केली असती," ते म्हणाले. "पण उद्या काही झालं, तर तू म्हणशील, तेव्हा नव्हते आणि आता आले आणि सही करून बसले. आणि तू म्हणाली नाहीस तरी मला ते ऐकू येईल."

"मी कशाला म्हणेन असं?"

"अगं, दहा वर्षं तू मला एक शब्द बोलली नाहीस. त्यापेक्षा बोलली असतीस तर परवडलं असतं."

बाबांनी पेन परत खाली ठेवलं. पेन मधोमध पडलेलं. मी माझ्या आईबाबांकडे बघत होते आणि मला पहिल्यांदा दिसलं की हे दोघं माझ्या बाजूने भांडत नाहीयेत की एकमेकांविरुद्धही भांडत नाहीयेत. दोघंही त्या जुन्या सहीपाशीच बसलेले आहेत, एक आतून आणि एक बाहेरून, आणि ती सही माझ्यासाठी केलेली असूनसुद्धा त्या खोलीत मी कुठेच नाही. मला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. सहा वर्षांची होते तेव्हा ठीक होतं. आता मी सोळा वर्षांची आहे. माझ्या पोटात ती गाठ आहे, माझ्या पाठीच्या बाजूला त्या दोन हुशार किडन्या आहेत, आणि ते बोलत असताना मी आत्ताच एक पेला पाणी संपवलेलं आहे.

मी उठले. सर्व्हिस करायच्या आधी मी चेंडू एकदा जमिनीवर आपटते, तशी खुर्ची जरा आपटलीच गेली. दोघांनी वर बघितलं.

"मी काय सांगते ते ऐका, मध्ये बोलू नका," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण जरा कापत होता, तो मी तसाच कापू दिला. "मी तो डाय घेणार आहे. हे मी ठरवलंय. डॉक्टरबाईंचं मी स्वतः ऐकलं, सर्जनचं चित्र मी स्वतः बघितलं, धोका थोडा आहे, पण आहे, हे मला माहीत आहे. या कागदावर माझी सही चालत नाही म्हणून तुमची लागते, एवढंच. तुम्ही दोघांनीही करायची, एकाखाली एक. बाबा, या वेळी तुम्ही खोलीत थांबायचं, लिफ्टपाशी नाही. आणि आई, उद्या काही झालंच, तर या हाताने केलं असं तू म्हणायचं नाहीस. माझ्या मुलीने ठरवलं होतं, असं म्हणायचं. परवा सकाळी तू अंगठा दाबून बघ, हवा तितका वेळ बघ, मी पाय बाहेर काढून ठेवीन. पण आत्ता सही कर. मी डाय घेणार आहे."